चेंडू आणि मातीचा पेला

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, नाणीं, बखरी आणि जुने कागद यांची रांग आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेव्हांपासून तर या साधनांचा शोध हा महाराष्ट्रांतील सुशिक्षित माणसाच्या अभिमानाचा विषय होऊन बसला आहे. माळ्यावर सांपडलेलें एकादें जीर्ण दप्तर सोडून पाहण्यांतील आनंद आमच्या वाचकांस नवा नाहीं. परंतु खेळांच्या इतिहासाचीं साधनें कोणतीं, असा प्रश्न कोणी केला तर मात्र आपण गोंधळतों. लढाईंतील तलवार आपण देव्हाऱ्याशेजारीं जपून ठेवितों; सामन्यांतील चेंडू दुसऱ्या दिवशीं कोठें गेला याची आपणांस दादहि नसते. खेळ म्हणजे रिकाम्या वेळाचा उद्योग, त्यांत जतन करण्यासारखें काय उरावयाचें, अशी आपली समजूत दिसते.

अमेरिकन लोकांनीं याच्या अगदीं उलट मार्ग धरिला. बेसबॉल हा त्यांचा जीव कीं प्राण. ज्यांस तो खेळ ठाऊक नाहीं त्यांनीं आपला विटीदांडू आठवावा. उडविलेली विटी वरच्यावर झेलली गेली कीं खेळणारा बाद. टोलविलेल्या चेंडूस तेथें तोच नियम लागू आहे. फरक इतकाच कीं, तेथें धांव काढावयाची तर चौकोनाच्या कोपऱ्यांवरील ठाण्यांस ओळीनें वळसा घालून मूळ ठाण्यावर परत यावें लागतें. या साध्या खेळासाठीं न्यूयॉर्क संस्थानांतील कूपर्सटाउन नांवाच्या लहानशा गांवीं १२ जून १९३९ रोजीं एक पदार्थसंग्रहालय उघडण्यांत आलें. खेळाडूंच्या फळ्या, हातमोजे, सदरे, चेंडू तेथें कांचेच्या कपाटांत मांडले आहेत, आणि थोर खेळाडूंच्या नांवाचे धातूचे पत्रे भिंतींवर बसविले आहेत.

याच गांवाची निवड कां झाली ती हकीगत मोठी बोधप्रद आहे. बेसबॉलच्या जन्माचा छडा लावण्यासाठीं १९०५ सालीं एक मंडळ नेमलें गेलें. एका वृद्ध गृहस्थाच्या पत्रावर भिस्त ठेवून या मंडळानें १९०७ च्या अखेरीस निर्णय दिला कीं, अब्नर डबलडे यांनीं १८३९ सालीं कूपर्सटाउन येथें हा खेळ निर्माण केला. हे डबलडे पुढें अमेरिकेच्या यादवी युद्धांत सेनापति होते. राष्ट्राच्या खेळाचा जनक राष्ट्राचा सेनापति असावा, ही कल्पना कोणास गोड वाटणार नाहीं? पुढें १९३५ च्या सुमारास त्या गांवाजवळच्या एका शेतघरांत, जुन्या पेटींत, एक फाटका हातशिलाईचा चेंडू सांपडला. स्टीफन क्लार्क या धनिकानें तो पांच डॉलरांस विकत घेतला, आणि 'डबलडे चेंडू' या नांवानें तोच त्या संग्रहालयाचें बीज ठरला. अडचण एवढीच कीं, १८३९ सालीं डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत विद्यार्थी होते. शिवाय हा खेळ आपण काढला असें त्यांनीं हयातींत कधींहि म्हटलेलें नाहीं. खेळाचें नांव तर १७४४ सालच्या एका इंग्रजी बालपुस्तकांतच आढळतें. संशोधकांनीं ही डबलडे-कथा केव्हांच मोडीत काढली. चेंडू मात्र जागच्या जागीं आहे.

वस्तु खरी आणि तिची कथा खोटी, असा हा प्रकार. इतिहासाच्या अभ्यासकानें पहिला धडा येथेंच घ्यावा. हातांत धरतां येणारी वस्तु स्वतः कांहींच बोलत नाहीं. तिच्या तोंडीं आपण शब्द घालतों.

दुसरें उदाहरण कागदाच्या एका चिटोऱ्याचें. १९०९ ते १९११ या काळांत अमेरिकेंतील एक तंबाखूची कंपनी सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंचीं रंगीत चित्रें वांटीत असे. पिट्सबर्ग संघाचे होनस वॅग्नर हे त्या काळचे अग्रगण्य खेळाडू. त्यांच्या चित्राची छपाई त्यांच्याच हरकतीमुळें लौकर थांबली. मुलांनीं चित्राच्या लोभानें तंबाखू विकत घेऊं नये असें त्यांस वाटलें, असें कोणी म्हणतात. मोबदल्याचा वाद होता, असें दुसरे म्हणतात. परिणाम असा कीं त्या चित्राच्या पन्नास-साठच प्रती आज ज्ञात आहेत, आणि २०२२ सालीं त्यांतील एक ७२ लक्ष ५० हजार डॉलरांस विकली गेली. तिसरें उदाहरण बेब रूथ या महान फलंदाजाच्या सदऱ्याचें. १ ऑक्टोबर १९३२ रोजीं शिकागोच्या मैदानावर रूथनें हात उंचावून कांहीं खूण केली आणि पाठोपाठ चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला. टोला कोठें जाणार हें त्यानें आधींच दाखविलें होतें, कीं समोरच्या खेळाडूंच्या चेष्टेस तें नुसतें उत्तर होतें, हा वाद अजून मिटलेला नाहीं. तरीहि त्या दिवशींचा त्याचा सदरा २०२४ सालीं २ कोटी ४१ लक्ष डॉलरांवर गेला.

हे आंकडे वाचून आमच्या वाचकांस हंसूं येईल. तथापि त्यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. तो चेंडू, तें चित्र, तो सदरा, हीं सारीं टाकाऊ म्हणूनच जन्मास आलीं होतीं. कोणीतरी तीं टाकलीं नाहींत, एवढ्यावरूनच तीं इतिहासाचीं साधनें झालीं. मग जें टाकून दिलें गेलें, किंबहुना जें टाकून देण्यासाठींच मुद्दाम निवडलें गेलें, त्याचा इतिहास कोठें शोधावयाचा?

या प्रश्नास खुद्द बेसबॉलच्या इतिहासांतच जागा आहे. १८८४ सालीं टोलीडोच्या संघाकडून मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णी खेळाडू वरच्या दर्जाच्या सामन्यांत खेळला होता. परंतु १८८७ च्या सुमारास मालकांनीं आपसांत ठरवून कृष्णवर्णीयांस दार बंद केलें. कायदा कोठेंच नव्हता. समजूत मात्र पक्की होती. ती साठ वर्षें टिकली. वगळलेल्या खेळाडूंनीं आपले निराळे संघ उभारले, १९२० सालीं आपली स्वतंत्र राष्ट्रीय साखळी-स्पर्धा सुरू केली, आणि त्यांत सॅचेल पेज व जॉश गिब्सन यांच्यासारखे असामान्य खेळाडू निपजले. परंतु त्यांच्या धांवा ज्या वह्यांत लिहिल्या गेल्या, त्या वह्यांस 'अधिकृत' म्हणण्यास कोणी तयार नव्हतें.

दूरच्या देशांतील अन्याय पाहून हळहळणें सोपें असतें. म्हणून येथें आपली दृष्टि आम्ही पुण्याकडे वळवितों. कारण अमेरिकेंत हें दार लागत होतें, त्याच सुमारास पुण्याच्या क्लबांतील मैदानावर एक मुलगा खेळपट्टीवर रूळ ओढीत होता.

त्याचें नांव बाळू पालवणकर. जन्म १८७६ सालचा, चर्मकार ज्ञातींत. घराणें कोंकणांतील पालवणचें. वडील लष्करी खात्यांत नोकरीस असल्यामुळें बालपण पुण्यांत गेलें. प्रथम पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबांत महिना तीन रुपयांवर झाडलोट करणें आणि खेळपट्टी नीट राखणें हें त्याचें काम. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबांत लागला व पगार चार रुपये झाला. रूळ फिरविणें, रेषा आंखणें, जाळीं उभारणें हीं कामें आटोपलीं कीं साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकणें हेंहि त्याच्याच वांट्यास आलें. डाव्या हातानें मंदगतीचा, फसवा चेंडू टाकण्याची कला त्यानें या चाकरींतच कमावली. ग्रेग नांवाचे नामांकित इंग्रज फलंदाज त्याच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेत, आणि आपणांस बाद केल्याबद्दल दर वेळीं आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. फळी मात्र त्याच्या हातीं कोणी दिली नाहीं. चेंडू टाकणें हें चाकराचें काम आणि टोलविणें हें मालकाचें, अशी ती वांटणी होती.

ही कीर्ति पुण्यांतील हिंदु खेळाडूंच्या कानीं गेली आणि त्यांस पेंच पडला. युरोपियनांस हरवावयाचें तर हा गोलंदाज हवा. पण संघांत बहुतेक ब्राह्मण. पुष्कळ वाद होऊन अखेरीस बाळूंस संघांत घेण्यांत आलें. मैदानावर सर्वांनीं एकच चेंडू हाताळावा, आणि मैदानाबाहेर सर्व नियम पूर्ववत् चालावे, अशी तडजोड झाली. चहाच्या सुटींत इतर खेळाडू आंत पेल्यांतून चहा घेत. बाळूंस तो मंडपाबाहेर, मातीच्या पेल्यांत मिळे. जेवण निराळें, पात्र निराळें. तोंड धुवावयाचें तर त्यांच्याच समाजांतील एकादा नोकर एका बाजूस पाणी घेऊन येई.

या तडजोडींतील विसंगति आमच्या वाचकांनीं क्षणभर न्याहाळून पाहावी. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. चामड्याच्या कामावरून ज्या ज्ञातीस दूर ठेविलें, त्याच ज्ञातींतील एकाच्या हातून आलेला चामड्याचा चेंडू यष्टिरक्षकापासून सीमेवरच्या खेळाडूपर्यंत सर्वांच्या हातांतून दिवसभर फिरत असे. त्यानें कोणाचा धर्म बुडत नसे. चेंडूची गरज होती म्हणून चेंडू शुद्ध. पेल्याची गरज नव्हती म्हणून पेला अशुद्ध! रूढि आंधळी असते असें आपण म्हणतों. आम्हांस वाटतें, ती आंधळी नसते. आपल्या सोयीपुरतें तिला स्वच्छ दिसतें.

आणि पेला मातीचाच कां? पुण्याहून पौडकडे जातांना मुळशी तालुक्यांत कासार आंबोली नांवाचें गांव लागतें. गांवाच्या नांवांतला कासार म्हणजे काय, हें महाराष्ट्रांतील गृहिणींस सांगावयास नको. बांगड्या आणि तांब्यापितळेचीं भांडीं हा त्याचा व्यवसाय. कासाराकडचें भांडें पिढ्यान्‌पिढ्या चालतें. तें विटाळलें तर चिंचेनें, राखेनें घांसून, प्रसंगीं विस्तवांत धरून पुन्हां वापरांत घेण्याची सोय शास्त्रानें आणि रूढीनें ठेविलेली आहे. मातीच्या भांड्यास ती सोय नाहीं. तें एकदां वापरून फोडावयाचें. म्हणजे धातूऐवजीं माती निवडणें हा काटकसरीचा प्रश्न नव्हता. हा पेला पुन्हां आंत यावयाचा नाहीं, हा निर्णय चहा ओतण्यापूर्वींच झालेला होता. आमच्या क्रीडेतिहासांतील एक अत्यंत बोलकी वस्तु अशा रीतीनें रोजच्या रोज फुटत गेली. ती कोणत्याहि संग्रहालयांत असणें शक्य नाहीं, आणि तिचें तेथें नसणें हाच तिचा पुरावा आहे.

प्लेगच्या धामधुमींत, १८९६-९७ च्या सुमारास, पालवणकर कुटुंब मुंबईस गेलें. तेथें परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यांत थोड्या विरोधानंतर बाळूंचा प्रवेश झाला. फेब्रुवारी १९०६ मध्यें हिंदु आणि युरोपियन यांचा सामना मुंबईस झाला. हिंदूंच्या धांवा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. हिंदु संघ १०९ धांवांनीं विजयी झाला. बाळू आणि त्यांचे बंधु शिवराम हे दोघेहि त्या संघांत होते, आणि बाळूंच्या गोलंदाजीचा विजयांत मोठा वांटा होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्रानें या विजयाकडे खेळापेक्षां सामाजिक सुधारणेच्या दृष्टीनें पाहिलें. पुण्यांत ज्यांच्या हातचा चहा चालत नव्हता त्यांच्यासह मुंबईंत एका पंक्तीस बसतां येतें, ही गोष्ट त्यास धांवसंख्येहून मोलाची वाटली.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघाची एकंदर कामगिरी बेताचीच झाली. परंतु पस्तिशींतल्या बाळूंनीं सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. परत आल्यावर मुंबईंत अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारांत तरुण भीमराव आंबेडकर यांचा भाग होता, असें चरित्रकार सांगतात. एका समाजास आपल्यांतला एक माणूस साऱ्या देशाच्या नांवानें खेळतांना प्रथमच दिसला होता.

तथापि ज्या मानास बाळू सर्वतोपरी पात्र होते तो त्यांस मिळाला नाहीं. हिंदु संघाचें कप्तानपद वर्षामागून वर्ष दुसऱ्यांकडे गेलें. १९१३ सालीं कप्तान झालेले एम. डी. पै यांनीं आपल्याच सत्कारसमारंभांत स्पष्ट म्हटलें कीं, वयानें आणि अनुभवानें हा मान आपले मित्र बाळू यांचा आहे. पै हे स्वतः ब्राह्मण होते, हें येथें नमूद करणें अवश्य आहे. १९२० सालीं पै आजारी असतां कप्तानपद पुन्हां दुसरीकडे गेलें आणि बाळूंस संघांतूनहि वगळण्यांत आलें. तेव्हां शिवराम आणि विठ्ठल या दोघां धाकट्या बंधूंनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि आपलें कारण जाहीरपणें मांडलें. जातीच्या कारणावरून होणारा अपमान आम्ही सहन करणार नाहीं, हा त्या निवेदनाचा इत्यर्थ होता. अमेरिकेंत कृष्णवर्णी खेळाडूंनीं आपली स्वतंत्र साखळी-स्पर्धा काढली तेंहि १९२० सालचेंच, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. पुढें पै बरे होऊन परतले, बाळू उपकप्तान झाले, आणि पै यांनीं कांहीं वेळ मैदान सोडून संघाचीं सूत्रें त्यांच्या हातीं दिलीं. वाट अशी थोडी मोकळी झाली. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कप्तान झाले, आणि त्या वर्षींची चौरंगी स्पर्धा हिंदूंनीं जिंकली. वडील भावास जें मिळालें नाहीं तें धाकट्यास मिळालें; पण तें वडील भावाच्या पंचवीस वर्षांच्या गोलंदाजीचें फळ होतें.

बाळूंचें पुढील आयुष्यहि इतिहासापासून दूर राहिलें नाहीं. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं येरवडा येथें पुणें करार झाला, त्यावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हें नांव आहे. १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसतर्फे ते मुंबईंत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले, डॉ. आंबेडकरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूंस ११,२२५. एके काळीं ज्यांच्या सत्कारांत तरुण भीमरावांनीं भाग घेतला तेच आतां त्यांचे प्रतिस्पर्धी झाले, यांत आम्हांस कोणा एकाचा कमीपणा दिसत नाहीं. एकाच दुःखावर दोन प्रामाणिक माणसांनीं दोन उपाय सुचविले, एवढेंच. ४ जुलै १९५५ रोजीं बाळू मुंबईस निवर्तले.

अमेरिकेंतील दार १५ एप्रिल १९४७ रोजीं उघडलें. त्या दिवशीं ब्रुकलिनच्या संघाकडून जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णी खेळाडू मैदानांत उतरला. जॉश गिब्सन त्यापूर्वीं तीनच महिने, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, मरण पावला होता. रॉबिन्सनचा ४२ हा अंक १९९७ सालीं सर्व संघांनीं त्याच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेविला. पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढें घडली. वगळलेल्या खेळाडूंच्या त्या जुन्या स्पर्धा वरच्या दर्जाच्या होत्या, असें २०२० सालीं मान्य झालें, आणि २०२४ सालीं त्यांतील धांवांचे आंकडे मुख्य नोंदवहींत दाखल करण्यांत आले. जुन्या वृत्तपत्रांतून एकेक सामना हुडकून हें काम संशोधकांनीं केलें. परिणामीं कारकीर्दीच्या सरासरींत जॉश गिब्सनचें नांव टाय कॉब या आजवरच्या अग्रणीच्याहि वर गेलें. मेलेला माणूस यानें परत आला नाहीं. पण नोंदवहीचें खोटें बोलणें थांबलें.

दोन्ही देशांतील अन्यायांत एक भेद आहे. अमेरिकेंत बहिष्काराची रेषा मैदानाच्या दारावर होती. आपल्याकडे ती चहाच्या मंडपाच्या उंबऱ्यावर होती. तेथें वगळलेल्यांचे निराळे संघ, निराळे सामने आणि त्यामुळें निराळे आंकडेहि उरले. ते जोडतां आले. बाळूंचे आंकडे पहिल्यापासून आपल्याच वहींत आहेत: प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ गडी, दर गड्यामागें सुमारें पंधरा धांवा. जें उरलें नाहीं तें आंकड्यांत मावणारें नव्हतेंच. कसोटी सामन्यांचीं कोष्टकें तर १९३२ पासून सुरू होतात. तेव्हां बाळूंचें वय छप्पन्न होतें. रणजितसिंह आणि दुलीपसिंह हे कसोटी सामने इंग्लंडकडून खेळले, तरी त्यांच्या नांवानें आपल्या राष्ट्रीय स्पर्धा चालतात. बाळूंच्या नांवाची तशी राष्ट्रीय स्पर्धा नाहीं.

मग आपण जतन काय करावें? सुदैवानें विठ्ठल पालवणकरांनीं 'माझें क्रीडा-जीवन' हें आत्मवृत्त मराठींत लिहून ठेविलें. तें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. मराठी क्रीडावाङ्मयांत त्याचें स्थान एकाद्या बखरीहून कमी मानूं नये. त्या काळच्या मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांच्या फायली, जिमखान्यांचीं कार्यवृत्तें, गुणफलकांच्या वह्या हीं सारीं साधनेंच आहेत. पेशव्यांच्या दप्तरांतील हिशेबाचा एकेक कागद वाचण्यासाठीं आपल्या संशोधकांनीं आयुष्यें वेंचलीं. त्या चिकाटीचा लहानसा अंश या वह्यांच्या वांट्यास आला तरी पुरे आहे. मात्र त्या वाचतांना कूपर्सटाउनच्या चेंडूचा धडा विसरूं नये. सोयीची कथा रचून वस्तूच्या गळ्यांत बांधूं नये. आणि वस्तु उरली नाहीं एवढ्यासाठीं अवघड कथा सोडूनहि देऊं नये.

आज पुण्यापासून कासार आंबोलीसारख्या खेड्यांपर्यंत क्रिकेट न खेळणारा मुलगा विरळा. त्यांच्या घरच्या वडील मंडळींनीं त्यांस विक्रम जरूर सांगावे; आणि त्याबरोबर हेंहि सांगावें कीं, याच पुण्यांत एका थोर गोलंदाजाचा चेंडू सर्वांनीं आनंदानें झेलला, आणि तो ज्या पेल्यांतून चहा प्याला तो पेला दर वेळीं फोडून टाकला.